दिवाणखान्यातली दिवादांडी

पेन्शनीत निघाल्यापासून लोक मला दरोड्यांच्या गोष्टी विचारतात. दरोडे मी पुष्कळ पाहिले आणि पुष्कळ विसरलोही. विसरता आली नाही ती एका तसबिरीची चोरी. तीत रक्त सांडलं नाही, कुणाला शिक्षा झाली नाही. तरी संध्याकाळी घरात समई लागली की ती मला हटकून आठवते.

मी तेव्हा ठाणे गावी फौजदार होतो. उन्हाळा होता, दोन शिपाई तापाने आडवे होते आणि टेबलावर कागदांचा ढीग पडला होता. अशात गावातले एक नामांकित वकील घामाघूम होऊन कचेरीत आले आणि म्हणाले, "फौजदार, माझी दिवादांडी चोरीला गेली!"

या माणसाला ऊन बाधलं असावं, असंच मला आधी वाटलं. पाणी पाजल्यावर उलगडा झाला. मायदेशी निघालेल्या एका गोऱ्या अंमलदाराच्या सामानाच्या लिलावात त्यांनी सोनेरी चौकटीची एक तसबीर घेतली होती. खडकावर उभी दिवादांडी, खाली फेसाळलेला समुद्र. सगळं इतकं हुबेहूब, की दगडांच्या सांध्यातलं शेवाळसुद्धा ओलं वाटावं. त्यांचा एकुलता एक मुलगा नुकताच बॅरिस्टर व्हायला विलायतेच्या बोटीत बसला होता. आल्यागेल्याला तसबीर दाखवायची आणि हळूच मुलाचा विषय काढायचा, असा वकीलसाहेबांचा शिरस्ता. एका खटल्यासाठी ते पुण्याला गेले होते. काम लवकर उरकलं म्हणून ठरल्याच्या आधीच परतले, तर भिंत रिकामी.

पंच बोलावून मी पंचनामा केला. कडीकोयंडा शाबूत होता. भिंतीखालच्या चौरंगावर चांदीचं पानदान जागच्या जागी होतं. तसबीर टांगायची दोरी कुणीतरी नीट गुंडाळून खुंटीला अडकवून ठेवली होती. चांदी सोडून चित्र नेणारा आणि वर दोरी गुंडाळून ठेवणारा चोर मी तोवर पाहिला नव्हता. ही घरातली भानगड आहे, हे तिथेच लक्षात आलं.

"गडी! दुसरं कोण?" वकीलसाहेब पंचांसमोर ओरडले. "चोर आहे तो. घाला आत."

गडी कोलशेतकडचा आगरी, या घरात काम करता करता केस पांढरे झालेला. त्याला कचेरीत आणून समोर बसवलं.

"तसबीर तू नेलीस?"

"न्येली."

मी चमकलो. आमच्या धंद्यात पहिलं उत्तर नेहमी 'नाही' असतं.

"कुणाला विकलीस?"

"मी चोर नाय, सायब."

"मग कुणाच्या सांगण्यावरून नेलीस?"

"त्ये मी सांगनार नाय. तुलशीवर हात ठेवून शब्द दिलाय."

समजावलं, दरडावलं, तुरुंगाची भीती घातली. तो मान खाली घालून ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "माजी पोरगी यंदा उजवायची हाय, सायब. चोराच्या पोरीला कोन करून न्येनार?" आणि रडायला लागला. नाव मात्र काढलं नाही. मला त्याचा रागही आला आणि दयाही. खोटं बोलणाऱ्याला बोलतं करता येतं. शब्द पाळणाऱ्यापुढे पोलीस काय करणार?

खाडीवरच्या माझ्या खबऱ्याने दुसऱ्या दिवशी एक मचवेवाला आणून उभा केला. गड्याला त्याने भरतीच्या पाण्यावर कल्याणला पोचवलं होतं. आगगाडीने गेला असता तर गावभर बोभाटा झाला असता. "गोधडीत काईतरी बांधलेला होता," मचवेवाला सांगू लागला. "खाली ठेव म्हनलं तरी ठेवीना, गुडघ्यांत धरून बसला. मना वाटलं देव हाय, म्हनून मी त्याला पायपन लावला नाय." कल्याण बंदरावर उतरून गडी मूर्तिकाराच्या मांडवात शिरल्याचंही त्याने पाहिलं होतं.

मी कल्याण गाठलं. मांडवात डोळे उघडायचे राहिलेले मातीचे गणपती ओळीने बसले होते, आणि त्यांच्यामध्ये आमची दिवादांडी भिंतीला टेकून उभी होती. पोलीस पाहून मूर्तिकार घाबरला नाही, उलट माझ्यावरच करवादला.

"न्या साहेब, न्या एकदाची. वाळतच नाही मेली! माझे रंग हिच्यावर धरेनात, म्हणून मचव्यांना लावायचा तेलरंग दिला. आता बसलाय चिकट होऊन."

मी वाकून पाहिलं. मूळ चित्र भर दुपारचं होतं. दांडीच्या माथ्यावरच्या काचेत चिताऱ्याने दिवा लावलेला नव्हता. तिथे आता एक पिवळीधमक ज्योत होती, समईच्या ज्योतीसारखी, टोकाला जरा लाल.

"हे कुणी करायला सांगितलं?"

"वकीलसाहेबांच्या बाईसाहेबांनी. त्या इथल्याच माहेरवाशीण. त्यांच्या माहेरचा गणपती आमच्याकडून जातो. दिवा तेवढा लावून द्या, साहेब पुण्याहून यायच्या आत तसबीर परत भिंतीवर हवी, असा निरोप होता."

गड्याला आणि तसबिरीला घेऊन मी वकीलसाहेबांच्या ओटीवर गेलो. चित्र पाहताच ते किंचाळले, "सत्यानाश! हा पिवळा गोळा कुणी थापला?" गडी स्वतःच्या पायांकडे बघत राहिला. मी तोंड उघडणार, एवढ्यात माजघराचं दार उघडलं आणि बाईसाहेब बाहेर आल्या. त्या काळी अशा घरातली बाई परक्या पुरुषांसमोर ओटीवर येत नसे. बरोबरच्या शिपायाने मान फिरवली.

"त्याला सोडा," त्या मला म्हणाल्या. "मी पाठवलं होतं. तोंड उघडायचं नाही अशी शपथही मीच घातली होती. परवापासून दाराआड उभी आहे, धीर होत नव्हता."

"मला विचारायचं तरी!" वकीलसाहेब म्हणाले.

"विचारलं होतं. हिचा दिवा का लावलेला नाही, असं विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, चित्रात दुपार आहे. मी म्हटलं, आपल्या घरात रोज तिन्हीसांज होते, तेव्हाही ही काळोखीच असते. पोर समुद्रावर आहे. तर तुम्ही ते पाहुण्यांना सांगून हसलात."

वकीलसाहेबांचा आवाज कोर्टात कधी खाली आल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. त्या दिवशी आला. फिर्याद मागे घेता येईल का, असं त्यांनी हळूच विचारलं. मी म्हटलं, येईल, पण ज्या पंचांसमोर याला चोर म्हणालात, त्यांच्याच समोर तो चोर नाही असं सांगावं लागेल. त्यांनी सांगितलं. गड्याच्या मुलीचं लग्न त्याच मोसमात पार पडलं.

नोकरीत पुढे शेकडो जबान्या लिहून घेतल्या. दर वेळी मनात यायचं, की हे माणूस घरी कुणाला तरी आधी सांगून पाहिलेलं असणार आणि तिथे कुणी ऐकलं नसणार. हे ओळखता यायला लागलं म्हणून काम हलकं झालं नाही, उलट जास्त थकवा यायला लागला.

मुलगा सुखरूप पोचला, बॅरिस्टरही झाला. पण तिकडेच राहिला. बऱ्याच वर्षांनी बाईसाहेब गेल्याचं कळलं तेव्हा मी भेटायला गेलो. दिवाणखान्यात वकीलसाहेब एकटेच बसले होते. चौकटीचा सोनेरी रंग उडाला होता, पण दिवादांडी त्याच भिंतीवर होती. मला वाटलं होतं, त्यांनी ती ज्योत कधीच खरवडून काढली असेल. तिन्हीसांज झाली तसा म्हातारा गडी निरांजन घेऊन देवघराकडे निघाला.

"आधी इकडे दाखव," वकीलसाहेब म्हणाले.

गड्याने तसबिरीला निरांजन दाखवलं. वकीलसाहेब त्या पिवळ्या ज्योतीकडे बघत होते.

"ती होती तोवर रोज दाखवायची," ते म्हणाले. "जातानाची वाट दिसली हो पोराला. परतीची तेवढी दिसली नाही."

थोड्या वेळाने मी उठलो, आणि गडी कंदील घेऊन मला रस्त्यापर्यंत सोडायला आला.