लॅपटॉपला घातलेली शाल

तारा फुटतो तेव्हा मागे वायूचा ढग उरतो, इतका तापलेला की त्यातून क्ष-किरण निघतात. अशा ढगांचा अभ्यास हे माझं काम. क्ष-किरण हवेत अडतात, म्हणून दुर्बीण अवकाशात. आणि दुर्बीण एक, मागणारे ढीगभर. समितीला पटवून तिचा वेळ मिळवावा लागतो. माझ्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण अशाच वेळेवाचून अडलं होतं.

पुण्यातल्या त्या समितीची ऑनलाइन बैठक नेमकी माझ्या सत्काराच्या दुपारी आली. परतूरजवळच्या आमच्या गावाला माझा सत्कार करायचाच होता. कशाबद्दल, हे कोणी विचारलं नव्हतं. फ्लेक्सवर प्रमुख पाहुण्यांचा फोटो माझ्या चौपट होता. ते अर्थातच आले नव्हते.

नेटवर्क फक्त मारुतीच्या पारापाशी, म्हणजे मंडपातच. स्टेजच्या कोपऱ्यात मी लॅपटॉप उघडला. आवाज बारीक येत होता, म्हणून साउंडवाल्याने न विचारता तो भोंग्याला जोडला. आता माझी इंग्रजीतली तोंडी परीक्षा सगळा गाव ऐकू लागला.

"जुनी निरीक्षणं आहेत की. परत कशाला?" समितीच्या अध्यक्षांनी विचारलं.

"ढग किती पसरला ते कळायला जुन्याशी ताडून बघावं लागेल, सर."

सरांना पटलेलं दिसेना.

सूत्रसंचालक माझे काका. शाल हातात घेऊन ताटकळलेले. "कोन हाय गं ह्यो? लई दरडावून बोलून राह्यला."

"समितीचे अध्यक्ष. गप बसा काका."

अध्यक्ष म्हटल्यावर आमच्या गावात कोणी गप बसत नाही. काकांनी माइक ओढला. "पुण्याहून आपल्यात आलेले मा. अध्यक्षसाहेब!" आणि शाल थेट लॅपटॉपला घातली. टाळ्या. शालीखालून, भोंग्यातून, शुद्ध मराठीत आवाज आला, "अहो, काही दिसत नाहीये!"

मी शाल बाजूला केली. अध्यक्ष हात जोडून बसले होते, आणि चेहरा उजळला होता. त्यांनी ग्रामस्थांचे आभार मानले. मग ग्रामीण भाग आणि विज्ञान यावर बोलले. छान बोलले. त्यात माझ्या वाट्याची सगळी मिनिटं संपली.

पुढे निकाल आला. मागितला त्याच्या निम्मा वेळ. मोजमाप जरा ढोबळ होईल, पण प्रकरण पुरं होईल. काकांना फोन करून सांगितलं, वर तुमच्या शालीने निम्मा वेळ खाल्ला असा टोमणाही मारला.

"निम्मा मिळाला का?" काका म्हणाले. "मंग रडती कशाला? आपल्या कालव्याचं पानी तर नुस्तं पेपरातच सुटतंय. घे जल्दी, त्यांचं मन बदलायच्या आत."