अर्धा टोचलेला वेल

नेदरलँड्समधल्या हेगच्या एका सराफी दुकानात गुरुनाथ पोतदारांना सगळे ‘गुरू’ म्हणत. मानानं नव्हे, पुढचं नाव घ्यायचा आळस म्हणून. कोल्हापूरचे हे नक्षीवाले माडीवर बसून चांदी कोरत आणि खाली मालक गिऱ्हाइकाला म्हणे, ‘आमचं काम!’ तिथं काम करायचं परमिट त्याच मालकाच्या सहीवर. २००६चा मार्च होता. जुलैपर्यंत निभावलं की मालक बदलायची मोकळीक मिळणार होती.

त्यात मालकानं एक कागद आणून ठेवला. “हुबेहूब असाच वेल. डबीच्या झाकणावर.” एवढं बोलून गेला.

कागद साडेचारशे वर्षांपूर्वीचा, छापील. वेलात पाखरं, मधे राक्षसाचं तोंड. असले कागद तेव्हा कारागिरांसाठीच छापत; घ्या आणि धातूवर उतरवा. पोतदारांनी तो उजेडाला धरला आणि हसलेच. डाव्या अर्ध्या वेलावर सुईची भोकं! कुणा सोनारानं नक्षी धातूवर उतरवायला रेषांवर भोकं पाडून खाका टोचायला घेतला होता आणि अर्ध्यावर सोडला होता. मेला असेल, नाहीतर हाकलला असेल.

पोतदारांनी सुई उचलली. उरलेला वेल टोचला, वरून कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी थापटली, चांदीवर ठिपके उमटले. नऊ दिवसांत झाकण असं उतरलं की मालकानं ते उजेडात फिरवून फिरवून पाहिलं.

मग त्यानं कागद परत मागितला. बघून पांढराफटक पडला; एवढा जुना, मोलाचा कागद, आणि आता उजवीकडेही भोकंच भोकं! दुसऱ्या दिवशी जाब द्यायला बोलावलं.

डच बोलायला हेगलगतच्या रायस्वाइकमधली त्यांची शेजारीण नीरजा सोबत आली. दारातच म्हणाली, “काका, भोकं आधीचीच म्हणा. निम्मी होतीच की! त्याच्या बापाला कळायचं नाही.”

“मला कळतं ना.”

“चार महिने, काका! फक्त तोंड मिटा.”

आत मालकानं कागद आणि भिंग पुढे सरकवलं. “यातली तुझी कुठली?”

पोतदारांनी भिंग लावलं. डावीकडची भोकं फाकलेली, रेषेबाहेर घसरलेली. उजवीकडची एकसारखी, रेषेच्या पोटातून गेलेली. ही दोन्ही एकाच हातची म्हणायची?

“ही माझी,” त्यांनी उजवीकडे बोट ठेवलं.

नीरजानं ते डचमध्ये सांगितलंच नाही. पण बोटाला भाषा लागत नाही.

नोकरी गेली, तिच्यासोबत परमिटही; जुलैत पोतदार कोल्हापुरात होते, रिकामे. कागद मात्र मालकानं ठेवून घेतला. पुरा टोचलेला होता ना! आता नवा कारागीर त्यावरनं झाकणं उतरवतो, आणि खाली मालक म्हणतो, ‘आमचं काम!’