पायाळूनं घरातच बसायचं का?

मी पायाळू आहे. म्हणजे जन्मताना माझे पाय आधी बाहेर आले, डोकं नंतर. आणि आमच्यात म्हणतात, पायाळूवर वीज पडते! म्हणून विद्यानगरच्या आमच्या घरात आभाळ जरा गुरगुरलं की आईची हाक, "आत ये गं!" बाकी पोट्टे गल्लीत गारा वेचायलेत आणि मी खिडकीत. पण कुणाच्या पाठीत उसण भरली की मीच लागते, कारण पायाळूची लाथ बसली की उसण जाते म्हणे. लाथेला पाहिजे, बाहेर नक्को. वा रे न्याय!

मी कॉलेजात होते त्या वर्षी हैदराबादेत जिकडं बघावं तिकडं कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या. नवीन कंपन्या यायलेल्या, टायपिंग फास्ट असेल तर नोकरी! मी नारायणगुड्यात क्लास लावला. शेवटची परीक्षा मे महिन्यात, संध्याकाळी. पास झालं तरच क्लासवाले कंपनीत नाव पाठवणार.

आणि मी काय येडेपणा केला? कॉलेजात सरांनी शिकवलेलं सगळं जेवताना घरी सांगून टाकलं. पृथ्वी तापायली, गरम हवेत वाफ जास्त मावते, म्हणून पुढं वादळी ढगांना जास्त जोर येऊ शकतो. वादळं किती वाढतील, कुठं वाढतील, ते अजून कुणालाच नक्की सांगता येत नाही, पण जे येईल ते जास्त धिंगाणा घालू शकतं. मला वाटलं आई म्हणेल, पोरगी हुशार.

आई म्हणाली, "बघ! सर पण तेच म्हणायलेत. आता तर मुळीच बाहेर पडायचं नाही."

"अगं, सरांनी पायाळूचं नाव तरी घेतलं का?"

"त्यांना काय माहीत तू पायाळू आहेस!"

बाबा ताटात बघून हसले.

परीक्षेच्या दिवशी दुपारीच आभाळ काळं झालं. आई दारात, हात कमरेवर. रागानं नाही, सकाळी पाण्याची बादली उचलताना उसण भरलेली.

"कुठं जायलीस? आधी लाथ मार."

"मारते. पण मग जाऊ द्यायचं."

"ते वेगळं, हे वेगळं."

"कसं वेगळं? पाय तेच ना! आज ढगाला घाबरून बसले, आणि पुढं ढगांचा जोर वाढला तर? उन्हाळाभर मला कुलूप लावणार? झाडाखाली थांबत नाही, मैदानातून जात नाही, ढग डोक्यावर यायच्या आत पोचते. कोण कसं जन्मलं ते वीज बघत नसते!"

आई वळली आणि पाठ पुढं केली. मी हळूच लाथ मारली, लगेच तिच्या पाया पडले आणि पळाले. रिक्षावाला ओरडला, "जल्दी बैठो अम्मा, बारिश आरी!"

पेपर सुरू झाला आणि कडाड! काचा थरथरल्या, दिवे गेले, यूपीएस टीं टीं करायला लागले. "जल्दी खतम करो!" क्लासचे सर ओरडले. सगळे माना वळवून खिडकीकडं बघायलेत. मी मान खाली घालून टकटकटक. माझं अख्खं लहानपण खिडकीत गेलेलं, मला काय त्याचं नवल! स्क्रीन काळी व्हायच्या आत माझं संपलं. नाव पाठवतो म्हणाले!

गडगडाट पूर्ण थांबल्यावर घरी आले. आई दारातच.

"वीज?"

"पडली नाही. गेली. सगळ्यांचीच!"

तिला हसू आलं, पण दाबलं. "उसण पण गेली. म्हणजे पायाळू आहेसच तू."

"हौ, आहे ना," मी म्हटलं. "आणि उद्या आभाळ गुरगुरलं तरी बाहेर जाणार."