शिजवलेलं नको

"शिजवलेलं नको हो, मावशी. कच्चं आणायचं असतं."

मॅडमनी माझ्या आईच्या हातातला डबा घेतला, झाकणसुद्धा न उघडता टेबलाखाली सरकवला आणि हसल्या. त्यांचं हसू कधी मावळत नाही. स्वागतालाही तेच, हाकलायलाही तेच.

बेळगावात त्यांच्या चर्चमध्ये सुगीचा सण होता. देवाचे आभार म्हणून ज्याने त्याने शेतातलं, घरातलं काहीतरी आणायचं, आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव. भोपळे होते, ऊस होता, पाय बांधलेली एक कोंबडी होती. आमचं शेत कुठलं? आई निपाणीत तंबाखूच्या वखारीत तंबाखू चाळते. तिने शेंगा विकत आणल्या, भाजल्या, कुटल्या, गूळ घालून पहाटे उठून पोळ्या लाटल्या. निपाणी ते बेळगाव बसमध्ये डबा मांडीवर धरून आली.

"हात धुवूनच केल्यात की ओ बाई," आई म्हणाली.

"तसं नाही हो. तुमच्या हाताला तंबाखू असते ना. लोकांना चालायचं नाही."

त्याच हातांनी पोतंभर कच्च्या शेंगा आणल्या असत्या, तर चालल्या असत्या.

लिलाव सुरू झाला. पहिली वस्तू निघाली ती डॉक्टरीणबाईंनी घरी केलेला केक. तो काय झाडाला लागतो? बोली चढली, टाळ्या पडल्या, हशा पिकला. आई स्वतःच्या पायांकडे बघत बसून राहिली. शेवटी मीच वाकून डबा बाहेर काढला. वर मॅडमना नमस्कार करून निघाले. त्याची चीड अजून येते.

या मॅडम आमच्या वस्तीत मैत्री करायला येतात. कार्यक्रमाचं नावच मैत्री. शनिवारी दुपारी गाडी येते. बायकांना मिठ्या, पोरांच्या डोक्यावर हात, मग फोटो. बीपी तपासायचं, गोळ्या वाटायच्या, पोरांचा अभ्यास घ्यायचा. अभ्यास मी घ्यायची, त्याचा पगार मला त्या द्यायच्या. काम खोटं नव्हतं. गोळ्यांनी ताप उतरायचा, पोरं वाचायला लागली.

पण चहा? आई दर शनिवारी चहा टाकायची. "आत्ताच घेतलाय हो." कपावर साय धरायची. पाण्याच्या बाटल्यासुद्धा ज्याच्या त्याच्या. मी आईला समजवायची, शहरातली माणसं, त्यांना बाहेरचं पचत नाही. केवढी मी शहाणी! येशू लोकांनी वाळीत टाकलेल्या जकातदाराच्या घरी जेवायला बसला, हे पोरांना याच मॅडमनी रंगीत चित्र दाखवून शिकवलं. चित्रात ताटही होतं.

सणानंतर काही दिवसांनी बाहेरदेशीचे पाहुणे काम बघायला यायचे होते. त्यांच्यासमोर मी साक्ष द्यायची ठरलं. साक्ष म्हणजे देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते चारचौघांत उठून सांगणं. माझ्या आयुष्यात काय झालं ते मात्र मॅडमनीच ठरवलं होतं. वाक्यं पाठ करून घेतली. "आम्ही अंधारात होतो. यांनी मैत्रीचा हात दिला." अंधारात? माझ्या आज्याचा बाप्तिस्मा झाला तेव्हा मॅडम जन्मल्याही नव्हत्या. पण महारवाड्यातून आलेला ख्रिस्ती यांच्या लेखी पिढ्यान्पिढ्या नवाच.

मी आईला म्हटलं, पोळ्या कर.

"आनि परत? लाज न्हाय व्हय गं तुला?"

"कर तू."

पाहुणे वस्तीतल्या समाजमंदिरात येऊन बसले. मी उठले. हातात पोळ्यांचं ताट.

"माझी साक्ष छोटी आहे. या आमच्या मैत्रिणी. इतकी वर्षं आमच्या दारात येतात, पण आमच्या घरचं पाणी यांच्या घशाखाली उतरलेलं नाही. मॅडम, एक घास घ्या. मग पुढचं सांगते."

मॅडम हसल्या. "आज माझा उपवास आहे."

मघाशी गाडीत त्या सँडविच खात होत्या, ते अख्ख्या वस्तीने पाहिलं होतं. एका म्हाताऱ्या पाहुण्याने ताटाकडे हात केला. मॅडमनी तो अलगद धरला आणि इंग्रजीत सांगितलं, पोट बिघडेल. तेवढं इंग्रजी मला येतं. बाकीच्या पाहुण्यांना वाटलं साक्ष संपली. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

"ऱ्हाऊ दे गं," आई मागून म्हणाली. "त्यास्नी भूक न्हाय."

"भूक हाय, आई. आपल्या हातचं नको हाय."

दुसऱ्याच दिवशी काम सुटलं. माझ्यात नम्रता उरली नाही, असा निरोप आला. खरं आहे. होती नव्हती ती त्या टेबलाखाली राहिली.

पोरांचा वर्ग आता मी आमच्या घरात घेते. गाडी अजून शनिवारी येते. येऊ दे. बीपी तपासा, गोळ्या द्या, आजारी माणसाला त्या हव्याच आहेत. पण मैत्रीचं नाव काढलंत, तर आधी उंबरा ओलांडून आत या आणि जेवा. ते जमत नसेल तर मिठ्या मारू नका. किळस येते.

यंदा सुगीचा सण आम्ही वस्तीत करणार आहोत. लिलाव नाही. नियम एकच. कच्चं चालणार नाही. आपापल्या घरात शिजवलेलं आणायचं आणि सगळ्यांनी एका पंगतीला बसून खायचं. मॅडमनाही बोलावणं धाडलंय. केक आणला तर आम्ही खाऊ. पण आधी आईच्या हातची पोळी त्यांच्या तोंडात गेली पाहिजे. नाही गेली, तर केक टेबलाखाली.