सासऱ्याचं नाव घेणारी बुरुलचा

आमच्या नारिनच्या डोंगराळ भागात सून सासऱ्याचं नाव घेत नाही, त्या नावाचा शब्दही उच्चारत नाही. माझ्या नवऱ्याचं नाव तेमिर, म्हणजे लोखंड. लिहायला हरकत नाही, तोंडाने मीही कधी घेतलेलं नाही. त्यामुळे माझी सून बुरुलचा लोखंडाला 'काळं' म्हणायची. खिळा काळ्याचा, कढई काळ्याची. नवी होती तेव्हा शेजारणी मुद्दाम विचारायच्या, "घोड्याचा नाल कशाचा गं?"

"तुमच्या जिभेचा," ती म्हणायची.

तिच्या किडन्या गेल्या तेव्हा तिच्या भावाने, जोलदोशने, आपली एक दिली. परकी किडनी शरीर हुसकून लावतं, म्हणून शरीराची राखण सैल करणाऱ्या गोळ्या तिला जन्मभराच्या लागल्या. काही महिने बरे गेले. मग संध्याकाळी कणकण येऊ लागली, रात्री घामाने अंथरूण भिजायचं, कपडे अंगावर लोंबायला लागले. खोकला मात्र नाही. राजधानीत, बिश्केकच्या मोठ्या दवाखान्यात तिला घेऊन गेले, तिथल्या डॉक्टरीणबाईंना वाटलं, शरीर किडनी नाकारतंय. उद्यापासून ती राखण आणखी सैल करणारं जोराचं औषध देऊ म्हणाल्या.

"थांबा बाई," बुरुलचा म्हणाली. "आमच्या घरात कोरडा आजार होऊन गेलाय. मी नवी सून असताना. त्यांचं सगळं मीच केलं."

"क्षय? कुणाला?"

"घरातल्या मोठ्यांना."

"नाव सांगा. तुमच्याकडच्या क्षयाच्या दवाखान्यात फोन करते. कोणत्या गोळ्या त्यांना लागू पडल्या ते कळेल."

बुरुलचाने माझ्याकडे पाहिलं, मी जमिनीकडे. मग तिने पलंगाच्या लोखंडी पायावर टिचकी मारली.

"पलंग?" नर्स म्हणाली. "पलंग नावाचा माणूस?"

"आपा," ती मला म्हणाली; आपा म्हणजे आई. "तुम्ही सांगा ना."

"मी कशी सांगू, पोरी? तुझा सासरा, पण माझा तर नवराच."

ती जराशी हसली, मग हसू गेलं. "भावाची किडनी आहे, आपा. त्याच्या अंगातून काढून दिलेली. ती जाऊ द्यायची नाही." डोक्यावरचा रुमाल सारखा करून ती उठून उभी राहिली आणि पलीकडच्या डोंगरावर ऐकू जावं तशी स्वच्छ म्हणाली, "तेमिर. तेमिर असानोव."

अंगावर काटा आला माझ्या. राग मात्र आला नाही. इतक्या मानाने ते नाव कुणी घेतलेलं मी ऐकलं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी फोन लावला आणि जोराचं औषध थांबवलं. मानेत एक गाठ आली होती, तिचं पाणी तपासलं, तर क्षयच निघाला. इतकी वर्षं अंगात निजून होता, राखण सैल झाल्यावर उठला. जोराचं औषध दिलं असतं तर अंगभर पसरला असता, हे डॉक्टरीणबाईंनीच नंतर सांगितलं, आणि सरळ मनाने सांगितलं. क्षयाची एक गोळी किडनीच्या गोळीचा जोर खाऊन टाकते, म्हणून सारखं रक्त तपासून दोन्हींचा मेळ घालावा लागला. लघवी केशरी झाली, खाल्लेलं पोटात ठरेना. तरी बुरुलचाने गोळी चुकवली नाही. शिवाय गावात दारोदार जाऊन म्हणाली, "मला क्षय झालाय. ज्यांना कणकण येत असेल त्यांनी तपासून घ्या, लाजू नका." कुणी दार लावून घेतलं तर बाहेरून म्हणायची, "आतून ऐकलं तरी चालेल."

उन्हाळ्यात जोलदोश मेंढ्या घेऊन वरच्या कुरणात निघाला, तेव्हा आमच्या दारात थांबला.

"काय गं, माझी किडनी काम करते का?"

"करते की. तुझ्याकडे होती तेव्हा नुसती बसून खात होती."

तो हसला. मग बराच वेळ पाठ फिरवून घोड्याच्या खोगिराचा पट्टा आवळत राहिला. पट्टा आवळलेलाच होता.