बाहेरून कुलूप

पाण्याला मी लहानपणापासून भिते. दौंडला आई भीमेच्या घाटावर हाताला धरून न्यायची, तरी मी वरच्याच पायरीवर बसकण मारायचे. अशा बाईच्या नशिबी कुठल्या घराला पुराचा किती धोका, हे तपासत हिंडायचं काम यावं!

शिक्रापुरात ओढ्याकाठच्या खोल्यांपाशी पोचले तेव्हा दुपार होती. तिथे पाऊस नव्हता, पण वरच्या अंगाला सकाळपासून काळं दाटलं होतं. सोबत खोल्यांचे मालक होते, सगळे त्यांना आबा म्हणत. उंबरा किती उंच, घरात म्हातारंकोतारं कोण, मी विचारत चालले होते. ओढ्याला अगदी लागून असलेल्या खोलीला कुलूप होतं.

"ती सोडा म्याडम," आबा म्हणाले. "कुलूप हाय म्हंजी पोरं कंपनीत गेली."

तेवढ्यात ओढा फुगला आणि बघता बघता गढूळ पाणी गल्लीत शिरलं. मी पळायला वळले, तर त्या कुलूपबंद खोलीतून पंख्याची घरघर ऐकू आली.

"आबा, आत कुणी आहे का?"

"पंखा बंद करायला इसरली आस्त्याल." एवढं बोलून ते एकदम थांबले. "रातपाळीवाला! त्याची झोपमोड नगं म्हणून पोरं भायेरनं कुलूप लावून जात्यात. किल्ली त्यांच्याच खिशात."

करंट उतरेल म्हणून आबांनी सगळ्या खोल्यांचा मेन स्विच पाडला आणि ते पहार आणायला धावले. मी दार बडवलं. आतून पाण्यात पाय पडल्याचा आवाज आला, मग खिडकीच्या गजांतून एक हात बाहेर आला आणि त्यानं माझं मनगट धरलं.

"दीदी, मत जाना."

पाणी माझ्या पोटऱ्यांना लागलं होतं. मी थांबले याचं पुढे लोकांनी कौतुक केलं. खरं तर त्यानं सोडलंच नाही म्हणून मी तिथे होते.

आबांनी पहारीनं कोयंडा उचकटला. आतला पोरगा अनवाणी बाहेर आला आणि रस्त्याकडे न जाता शेजारचं दार बडवू लागला.

"इसमें भी सोया है!"

मी त्या ओळीकडे पाहिलं. जवळजवळ प्रत्येक दाराला कुलूप होतं. कान देऊन ऐकलं, पण पंख्याचा आवाज आता कुठूनच येत नव्हता. मेन स्विच आम्हीच पाडला होता.