रायसेनच्या किल्ल्यात ओवी बोलली

गेल्या रविवारी आम्ही रायसेनच्या किल्ल्यावर गेलो होतो. भोपाळहून तासाभराचा रस्ता... पण शिवाजी नगरातल्या आमच्या घरातून निघाल्यापासून माझा जीव टांगणीला होता.

आमच्या लेकीचा, ओवीचा, नीटचा रिझल्ट नुकताच लागला होता. वर्षभर ड्रॉप घेऊनही नंबर लागला नव्हता. तेव्हापासून पोरगी बोलतच नव्हती... दोन घास खायची आणि खोलीचं दार लावून घ्यायची. "जरा बाहेर काढू तिला," असं नवरा म्हणाला, म्हणून निघालो.

किल्ला डोंगरमाथ्यावर ऐसपैस पसरलेला. पडके महाल, आणि पावसाचं पाणी साठवणारे मोठाले हौद... त्या पाण्याच्या जिवावर इथल्या लोकांनी वेढे सोसले, असं नवरा उत्साहाने सांगत होता. माझं अर्धं लक्ष ओवीकडे.

बघते तर ती एकटीच तटाच्या टोकाशी उभी. खाली सरळ कडा! हाक मारावी तर दचकेल, आणि नाही मारली तर... मी हळूच जाऊन तिचा हात धरला. तिने सोडवून घेतला नाही.

पुढे इत्रदान महाल लागला. तिथे समोरासमोरच्या भिंतींत कोनाडे आहेत. एकात पुटपुटलं की पलीकडच्यात स्पष्ट ऐकू येतं. आम्हा दोघींना दोन टोकांना उभं करून नवरा फोटो काढायला बाहेर गेला.

मी कान लावला. अगदी कानाशी आवाज आला.

"आई, मला परत नीट नाही द्यायची. डॉक्टरच नाही व्हायचं. तुम्हाला सांगायची हिंमत होत नव्हती."

मी कोनाड्यात तोंड घालून म्हणाले, "नको देऊस. पण बाळा, मघाशी तिकडे कड्यावर..."

"नाही गं आई! रडू येत होतं, म्हणून लांब गेले होते."

मागे वळून बघितलं, तर ती भिंतीला डोकं टेकून हमसून हमसून रडत होती. मी जाऊन तिला जवळ घेतलं.

पुढे काय करायचं, ते अजून ठरलेलं नाही. धास्ती आहेच... रात्री मध्येच उठून तिच्या खोलीत डोकावतेही मी. पण किल्ला उतरताना ती बाबाशी भांडत होती, "पापा, पहले कुछ खिलाओ यार!" इतकं गोड भांडण मी आयुष्यात ऐकलं नव्हतं.